"थोडं आधी आला असतात तर": संसर्गाने येणाऱ्या अंधत्वात 'आधी' म्हणजे कधी?

कंदील (धागाकर्ती)

नमस्कार. मी एकवीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यांत सहायक म्हणून काम केलं. मी डॉक्टर नाही. नजर तपासणं, थेंब घालणं, पापणी उलटून धरणं, पट्ट्या बदलणं, हे माझं रोजचं काम होतं. या वर्षांत डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते अजून कानात आहे: "थोडं आधी आला असतात तर."

जंतूंमुळे येणाऱ्या आणि टाळता येणाऱ्या अंधत्वाची तुलना बहुतेक ठिकाणी 'किती लोक आंधळे झाले' या आकड्यावरून केलेली असते. मला एक वेगळी फूटपट्टी जास्त उपयोगी वाटते. जंतू शिरल्यापासून नजर कायमची जाईपर्यंत माणसाच्या हातात किती वेळ असतो? प्रत्येक आजारात तो 'आधी' वेगळा निघतो. कुठे तीस वर्षं, कुठे तीस तास.

सर्वांत सावकाश चालणारा आजार म्हणजे खुपऱ्या, म्हणजेच ट्रॅकोमा. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाचा जिवाणू पापणीच्या आतल्या अस्तरात बसतो. लहान मुलाला होतो तेव्हा डोळे आल्यासारखंच दिसतं: थोडी लाली, थोडा चिकटा, पापणी उलटली की आत बारीक पांढुरके दाणे. एकदा झाला म्हणून कोणी आंधळं होत नाही. पण तोच संसर्ग बालपणभर पुन्हा पुन्हा होत राहिला, अभ्यासकांच्या अंदाजाने दीडशेहून जास्त वेळा, तर आतलं अस्तर व्रणांनी आखडतं. पापणी आत वळते, तिचे केस बुबुळावर टेकतात आणि डोळ्याच्या प्रत्येक उघडझापीला बुबुळ खरवडलं जातं. (डोळ्याच्या काळ्या भागावर पारदर्शक काच असते, तिला मी पुढेही बुबुळच म्हणणार आहे.) हे घडतं तिशी-चाळिशीत. म्हणजे संसर्ग मुलांमध्ये दिसतो आणि अंधत्व त्यांच्या आया-आज्यांमध्ये. मुलांना सांभाळणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा त्याच जंतूच्या संपर्कात येतात, म्हणून या आजाराने बायका पुरुषांच्या चौपटीपर्यंत आंधळ्या होतात.

चिमटा घेऊन स्वतःच्याच पापणीचे केस उपटत बसणारी म्हातारी बाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आजार समजावून सांगावा लागत नाही. उपटलेले केस आखूड आणि टोकदार होऊन पुन्हा येतात. ते आधीपेक्षा जास्त टोचतात.

दुसरा आजार नदीकाठचं अंधत्व, ऑन्कोसर्कायसिस. वाहत्या, खळखळत्या पाण्यात वाढणारी काळी माशी चावते आणि कृमीच्या अळ्या शरीरात सोडते. प्रौढ कृमी कातडीखालच्या गाठींत दहा-पंधरा वर्षं जगतात आणि त्यांची लाखो सूक्ष्म पिल्लं त्वचेत आणि डोळ्यांत फिरतात. खाज आधी येते, नजर नंतर जाते. इथेही हातात काही वर्षं असतात, पण खुपऱ्यांइतकी नाहीत.

तिसरा, बुबुळावरचा व्रण. पिकाचं पातं लागलं, फांदी लागली, कुसळ गेलं, ओरखडा उठला आणि त्यातून बुरशी किंवा जिवाणू शिरले. हा खेळ दिवसांचा, कधी तासांचा.

चौथा, नवजात बाळाच्या डोळ्यांतला परम्याच्या (गनोरियाच्या) जंतूचा संसर्ग. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागतो, दोन ते पाच दिवसांत पापण्या सुजून घट्ट पू येतो. बाकीच्या बहुतेक जिवाणूंना बुबुळात शिरायला ओरखडा लागतो, या जंतूला तोही लागत नाही. एका दिवसात बुबुळ फुटू शकतं.

आणि पाचवा रुबेला, गरोदर आईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे बिघडवणारा विषाणूचा ताप. त्यात 'आधी' म्हणजे बाळ जन्मायच्याही आधी, बहुधा आईला दिवस राहण्याच्याही आधी.

गोवराबद्दल कोणी लिहिलं तर बरं होईल, त्यात माझा अनुभव कमी आहे.

---

पाऊलवाट

फार चांगला धागा, कंदीलताई. एक शंका. दर पावसाळ्यात साथीने डोळे येतात, त्यानेही नजर जाते का? आमच्याकडे घरात एकाला आले की सगळे घाबरतात.

---

कंदील

पाऊलवाट, साथीचे डोळे बहुतेक वेळा अ‍ॅडेनोव्हायरसमुळे येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. काहींच्या बुबुळावर बारीक ठिपके उरतात आणि महिनोन्महिने थोडं धूसर दिसतं, पण अंधत्व येत नाही. घाबरायचं ते तीन गोष्टींना: नुसतं टोचण्याऐवजी ठणका लागणं, उजेड अजिबात सहन न होणं आणि नजर कमी होणं. यातलं एकही असेल तर ते 'डोळे आलेत' म्हणून घरी थांबायचं प्रकरण नाही. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

---

समतल

कंदीलताईंची फूटपट्टी पटली. त्याला जोडून आकड्यांबद्दल थोडं लिहितो, कारण आकडे कसे मोजतात यावरच कोणता आजार 'मोठा' ठरतो हे अवलंबून असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार अंधत्व म्हणजे *दोन्हींतल्या चांगल्या डोळ्याची* नजर ३/६० पेक्षा कमी असणं, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही न दिसणं. खुपऱ्या आणि नदीकाठचं अंधत्व दोन्ही डोळ्यांना ग्रासतात, म्हणून ते आकड्यांत येतात: ट्रॅकोमाने अंध किंवा दृष्टी अधू झालेले सुमारे १९ लाख, नदीकाठच्या आजाराने दृष्टी गमावलेले २०१७ च्या अंदाजाने साडेअकरा लाख. फांदी मात्र एकाच डोळ्याला लागते. तो डोळा पूर्ण गेला तरी दुसरा शाबूत आहे म्हणून हा माणूस व्याख्येनुसार अंध नसतोच.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अंदाज असा होता की डोळ्याची दुखापत आणि बुबुळावरचे व्रण मिळून *दर वर्षी* १५ ते २० लाख लोकांचा एक डोळा जातो. हा आकडा आणि ट्रॅकोमाचे १९ लाख सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. एक दर वर्षी नव्याने भर पडणाऱ्यांचा आहे, दुसरा आज हयात असलेल्या एकूण लोकांचा. एक एका डोळ्याचा, दुसरा दोन्हींचा. तरीही अंतर लक्षात येतं. ज्या आजारात 'आधी' सर्वांत थोडा आहे, नेमका तोच जागतिक यादीत सर्वांत फिका दिसतो. माझ्या मते निधी आणि लक्ष दोन्ही त्यामुळेच दुसरीकडे वळतात.

---

जलरेषा

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून नदीकाठच्या अंधत्वावर थोडं सविस्तर. मला यातला हा सर्वांत विलक्षण आजार वाटतो.

लोकांना वाटतं की कृमी डोळा खातात. तसं नाही. जिवंत पिल्लं डोळ्यात फिरत असतात तेव्हा फारसं काही होत नाही. ती *मरतात* तेव्हा शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या दाहात बुबुळ पांढरं होतं, आतला पडदा आणि डोळ्याची नस खराब होते. त्यातही दाह भडकवण्यात मोठा वाटा कृमीच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया नावाच्या जिवाणूचा असतो. कृमी मेला की तो बाहेर पडतो.

यामुळेच या आजाराची पहिली औषधं धोकादायक ठरली. डायइथाइलकार्बामाझिन दिलं की पिल्लं झपाट्याने मरायची, अंगभर खाज, ताप, सूज यायची आणि कधी कधी औषधानेच उरलीसुरली नजर जायची. मग आयव्हरमेक्टिन आलं. त्यानेही पिल्लं मरतात, पण तशी भयंकर प्रतिक्रिया उठत नाही. हे ज्या जिवाणूपासून मिळालं तो सातोशी ओमुरा यांनी जपानमधल्या मातीच्या नमुन्यातून वेगळा केला, विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्यातला कृमिनाशक गुण शोधला. दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं. १९८७ मध्ये मर्क कंपनीने या आजारासाठी लागेल तितकं, लागेल तितका काळ औषध मोफत द्यायचं जाहीर केलं आणि ते अजून चालू आहे.

मेख अशी आहे की आयव्हरमेक्टिनने प्रौढ कृमी मरत नाहीत. त्यांची वीण काही महिने थांबते, मग ते पुन्हा पिल्लं घालू लागतात. म्हणून वर्षातून एक-दोनदा औषध द्यायचं आणि प्रौढ कृमी म्हातारे होऊन मरेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा वर्षं, देतच राहायचं. मधली दोन वर्षं यादवीमुळे किंवा साथीमुळे चुकली तर चक्र पुन्हा सुरू होतं. कंदीलताई, तुमच्या भाषेत सांगायचं तर इथे 'आधी' हा एक दिवस नसतो. पंधरा वर्षं न चुकता पाळायचं ते व्रत आहे.

---

तळटीप

जलरेषा, यात मध्य आफ्रिकेतली अडचणही लिहायला हवी. तिथे लोआ लोआ नावाचा दुसरा कृमी आहे. त्याची पिल्लं ज्यांच्या रक्तात फार जास्त असतात त्यांना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूवर परिणाम होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो. त्यामुळे अशा भागांत सरसकट औषध वाटता येत नाही.

आणि औषधाआधीचा इतिहासही मोठा आहे. १९७४ ते २००२ या काळात पश्चिम आफ्रिकेत हेलिकॉप्टरमधून नद्यांत अळीनाशक सोडून काळी माशी आटोक्यात आणली गेली. त्याआधी नदीकाठच्या उत्तम जमिनी टाकून लोक वर कोरड्या भागात निघून जात. मोठ्या माणसाने काठी धरायची आणि काठीचं दुसरं टोक लहान मुलाने धरून पुढे चालायचं, हे त्या आजाराचं चित्रच होऊन बसलं होतं. कोलंबिया २०१३ मध्ये या आजारातून मुक्त झालेला पहिला देश ठरला, मग इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, २०२५ च्या सुरुवातीला.

---

उंबरठा

गोवराबद्दल मी लिहिते. बालरोग विभागात परिचारिका होते.

गोवराचा विषाणू स्वतः बुबुळाचा पृष्ठभाग दुखावतो, पण नजर जाते ती बहुधा जीवनसत्त्व अ कमी असलेल्या मुलांची. आधीच साठा तळाला गेलेला असतो. गोवरात ताप, जुलाब आणि न खाणं यामुळे उरलेला साठाही संपतो. मग डोळा कोरडा पडतो, बुबुळ मऊ होतं आणि कधी कधी एक-दोन दिवसांतच विरघळल्यासारखं फुटतं. दोन्ही डोळे एकदम. जंतू आणि कुपोषण यांची एवढी घट्ट हातमिळवणी दुसऱ्या कुठल्या आजारात मी पाहिली नाही.

उपाय इतका साधा आहे की लिहिताना गलबलून येतं. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ चा डोस: सहा महिन्यांच्या आत ५०,००० युनिट, सहा ते अकरा महिने एक लाख, वर्षाच्या पुढे दोन लाख. डोळ्यांत लक्षणं असतील तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरा. (हे डोस आरोग्य कर्मचाऱ्यांनी द्यायचे असतात, घरी अंदाजाने नाही. जास्त झालेलं अ जीवनसत्त्व बाधतं.) गोवराची लस १९६३ पासून आहे.

अजून एक. गोवराच्या मुलाच्या डोळ्यात झाडपाल्याचा रस, मध, आईचं दूध किंवा लघवी घालणं जगात अनेक ठिकाणी चालतं. करणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण त्या कोरड्या, उघड्या बुबुळावर ते पडलं की जंतूला वाट मिळते. आम्ही आयांवर कधी रागावत नसू. "डोळ्यात काय घातलं?" एवढंच हळू विचारायचं, म्हणजे खरं उत्तर मिळतं. रागावलं की उत्तर "काही नाही" असं येतं आणि मग उपचारच चुकतो.

---

तळटीप

उंबरठाताई, शेवटचा परिच्छेद प्रत्येक नर्सिंग कॉलेजात लावावा असा आहे.

मी इतिहासातली दोन-तीन माणसं जोडतो. तुलनेत रोगच येतात, शोधणारी माणसं राहून जातात.

कार्ल क्रेडे हे लायप्झिगच्या प्रसूतिगृहाचे प्रमुख. तिथे साधारण दर दहा बाळांत एकाचे डोळे जन्मानंतर पूने भरत. १८८० पासून त्यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब घालायला सुरुवात केली आणि प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. प्रतिजैविकं यायला अजून पन्नासएक वर्षं होती. तो थेंब बाळाच्या डोळ्याला झोंबायचा, म्हणून पुढे त्याची जागा टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिनच्या मलमांनी घेतली.

नॉर्मन ग्रेग हे सिडनीचे नेत्रतज्ज्ञ. १९४१ मध्ये त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. आयांच्या बोलण्यातून धागा मिळाला: गरोदरपणाच्या सुरुवातीला त्यांना रुबेला झाला होता, आदल्या वर्षी साथ होती. ग्रेग यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे मिळून ७८ रुग्ण गोळा केले आणि त्याच वर्षी मेलबर्नमध्ये निबंध वाचला. अंगावर चार पुरळ उठून जाणारा किरकोळ ताप पोटातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवू शकतो, हे त्याआधी कोणालाच ठाऊक नव्हतं. ते कळलं कारण एका डॉक्टरने आयांचं बोलणं कानाआड केलं नाही.

तिसरे तांग फेइफान. बीजिंगमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात कोंबडीच्या अंड्यात ट्रॅकोमाचा जंतू पहिल्यांदा वाढवून दाखवला. हाच तो जंतू, हे सिद्ध करण्यासाठी १९५८ मध्ये त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला आणि लक्षणं पूर्ण उमटेपर्यंत उपचार घेतले नाहीत. त्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

---

समतल

रुबेलाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सुटते आहे. 'लस आहे, देऊन टाका' इतकं ते सरळ नाही.

लस १९६९ पासून आहे. गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला तर बाळाला इजा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं जन्मजात रुबेलासह जन्मली. पण समजा, एखाद्या देशाने निम्म्याच मुलांना लस दिली. विषाणूचा वावर कमी होतो, त्यामुळे लस न मिळालेल्या मुलींना तो लहानपणी गाठतच नाही. त्या प्रतिकारशक्तीशिवाय मोठ्या होतात आणि विषाणू भेटतो तो थेट गरोदरपणात. ग्रीसमध्ये १९९३ मध्ये हेच झालं: बरीच वर्षं लस अर्धवट दिली गेली, मग साथ आली आणि जन्मजात रुबेलाची बाळं एकदम वाढली. अर्धवट लसीकरण कधी कधी मुळीच नसण्यापेक्षा वाईट ठरतं. अमेरिका खंडांतल्या देशांनी मुलांबरोबर मोठ्यांनाही मोहिमांतून लस दिली आणि २०१५ मध्ये ते खंड रुबेलामुक्त जाहीर झाले.

---

कंदील

समतल, हे मला इतक्या स्पष्टपणे माहीत नव्हतं. माझ्याकडून एक भर: जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाला शस्त्रक्रियेसाठी दुसरा 'आधी' मिळतो, तोही फार छोटा. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत मोतीबिंदू काढला नाही तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही. नंतर काच कितीही स्वच्छ केली तरी पाहणारं कोणी नसतं. "बाळ लहान आहे, वर्षाचं होऊ दे" असं म्हणून घरी परत नेलेली बाळं मी पाहिली आहेत. त्यातली एक मुलगी पुढे सात वर्षांची होऊन आली, मला आवाजावरून ओळखायची. बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

---

पाऊलवाट

ट्रॅकोमासाठी औषध वाटणं महत्त्वाचं की पाणी आणि स्वच्छता? मी वाचलं होतं की युरोपातून हा आजार औषधं येण्यापूर्वीच गेला.

---

जलरेषा

हा वाद खरा आहे, आणि माझं मत दोन्हींकडे झुकतं.

सध्याच्या धोरणाला त्याच्या चार भागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सेफ' (SAFE) म्हणतात. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते स्वीकारलं. त्यात चार भाग: वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता, परिसर सुधारणा. प्रतिजैविक म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन, वजनाप्रमाणे एकच डोस, संपूर्ण वस्तीला वर्षातून एकदा. फायझर कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ते दान देते आहे.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतून ट्रॅकोमा ओसरला तो प्रामुख्याने राहणीमान सुधारल्यामुळे, हे बरोबर आहे. त्यावरून वाटतं की विहीर खणा, संडास बांधा, काम झालं. पण इथिओपियातल्या अम्हारा भागात वस्त्यांची चिठ्ठ्या टाकून निवड करून एक मोठी चाचणी झाली. पाणी, संडास आणि चेहरा धुण्याचं शिक्षण दिलेल्या वस्त्यांत मुलांमधला संसर्ग इतर वस्त्यांपेक्षा कमी झाला नाही. मी याचा अर्थ असा लावते की दोन-तीन वर्षांत एक विहीर देणं आणि दोन पिढ्यांत राहणीमान बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वच्छता निरुपयोगी आहे असं त्यातून ठरत नाही, तिच्याकडून झटपट निकालाची अपेक्षा चूक ठरते.

उलट बाजूलाही काळजी आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन वस्तीभर वाटलं की इतर जंतूंत त्याला दाद न देणारे प्रकार वाढतात. दुसरीकडे नायजर, मलावी आणि टांझानियातल्या अभ्यासात, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला तो, वर्षातून दोनदा हे औषध दिलेल्या लहान मुलांचे मृत्यू सुमारे साडेतेरा टक्क्यांनी कमी झाले. औषध एकच, पण एका पारड्यात आजची मुलं आणि दुसऱ्यात उद्याचे न बरे होणारे जंतू. हा हिशेब सोपा नाही आणि मला तो अजून सुटलेला नाही.

मात्र यश खरं आहे. ओमान २०१२, मोरोक्को २०१६, नेपाळ आणि घाना २०१८, भारत २०२४. निकष कडक आहेत: एक ते नऊ वर्षांच्या मुलांत सक्रिय आजार पाच टक्क्यांहून कमी आणि पंधरा वर्षांपुढच्यांत पापणीचे केस आत वळलेले, आरोग्य यंत्रणेला अजून माहीत नसलेले रुग्ण ०.२ टक्क्यांहून कमी.

---

उंबरठा

कुष्ठरोग कोणीच आणला नाही, म्हणून थोडक्यात. त्यात जंतू नसा मारतो. चेहऱ्याची नस गेली की डोळा मिटत नाही, दुसरी नस गेली की बुबुळाला स्पर्शच कळत नाही. मग धूळ गेली तरी पाणी येत नाही, जखम झाली तरी दुखत नाही. दुखलं असतं तर माणूस डॉक्टरकडे गेला असता. म्हणून या रुग्णांना आम्ही रोज आरशात डोळा पाहायला शिकवायचो. दुखण्याचं काम नजरेला करायला लावायचं. नस नुकतीच, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, कमजोर झाली असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती बऱ्याचदा सावरते.

---

रानवारा

मी फक्त वाचत होतो, पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही. चार दिवसांपूर्वी बाबांच्या डोळ्याला फांदी लागली. दुसऱ्या दिवशी लाल झाला. घरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे उरलेले थेंब होते, ते घातले. लाली कमी झाली आहे, पण बाबा म्हणतात धूसर दिसतं. बुबुळावर पांढरट काहीतरी वाटतं आहे. बाटलीवर प्रेडनिसोलोन लिहिलं आहे. सोमवारी न्यायचं ठरवलं आहे, चालेल ना?

---

कंदील

रानवारा, नाही. सोमवारची वाट पाहू नका, आत्ता निघा. थेंब बंद करा आणि बाटली बरोबर घेऊन जा. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आहे. ते लाली कमी करतं म्हणून बरं वाटतं, पण बुरशी असेल तर तिला आत मोकळं रान मिळतं. फांदी लागल्यानंतर असा पांढरा डाग म्हणजे बुरशी असू शकते. डॉक्टरांना सांगा की फांदी लागली आहे आणि स्टिरॉइड घातलं आहे. डाग खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात का, हे विचारा. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका, चोळू देऊ नका.

---

समतल

रानवारा, कृपया उद्यावरही टाकू नका. नेपाळमधल्या भक्तपूर इथल्या अभ्यासात बुबुळावर नुसता ओरखडा असलेल्या ज्या लोकांना १८ तासांच्या आत साधं क्लोरअ‍ॅम्फेनिकॉल मलम मिळालं, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. एक ते दोन दिवस उशीर झालेल्यांत प्रमाण चढत गेलं. (नंतर नेपाळमध्येच वस्त्यांची तुलना करून झालेल्या मोठ्या चाचणीत गावपातळीवर असं मलम देण्याचा फायदा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.) तुमच्या बाबांच्या बाबतीत ओरखड्याचा टप्पा मागे पडलाय, आता मलमाने नाही, तपासणीनेच काम होईल.

---

रानवारा

काल रात्रीच गेलो. खरवडून पाहिलं, बुरशीचे धागे दिसले. नॅटामायसिनचे थेंब दर तासाला, रात्रीही. डॉक्टर म्हणाले व्रण अजून खोल गेलेला नाही. आज बुबुळावर पांढरं जास्त दिसतंय, म्हणून जीव घाबरा झाला आहे. वाढलं का? किती दिवस लागतील?

---

कंदील

वेळेत पोचलात, फार बरं वाटलं. नॅटामायसिन हे दुधासारखं पांढरं औषध असतं आणि ते व्रणावर चिकटून बसतं, त्यामुळे पहिले काही दिवस डाग मोठा झाल्यासारखा वाटतो. तो तुम्ही मोजू नका. डॉक्टर यंत्रावर व्रणाची कड मोजतात, ती आत सरकते आहे का हे त्यांना विचारा. ठणका वाढला किंवा नजर आणखी कमी झाली तर मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

बुरशी सावकाश जाते. आठवडे लागतात, कधी महिना-दोन महिने. बरं वाटलं म्हणून थेंब कमी करू नका, कमी करायचं ते डॉक्टरच सांगतील. रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्या, नाहीतर तिसऱ्या रात्री तुम्हीच झोपून जाल. आणि औषध तळाशी बसतं, दर वेळी बाटली नीट हलवून मगच थेंब घाला.